पुराव्याचे वावडे

दिवाळीच्या सुट्टीनंतर महाविद्यालय उघडले त्याच आठवड्यात आमच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीला ग्रंथालयात दम्याचा झटका आला. तिला दमा आहे हे आम्हाला ठाऊक होते. पावसाळा ओसरला, मोकळ्या भूखंडांवर गाजरगवत कमरेइतके वाढले आणि सकाळच्या हवेत गारवा आला, की तिच्या शिंका सुरू होतात हेही दोन वर्षे पाहत होतो. तिच्या पिशवीत नेहमी असणारा फवारा मात्र त्या दिवशी नव्हता. रिक्षातून रुग्णालयात नेईपर्यंत तिच्या ओठांचा रंग बदललेला आम्ही पाहिला. रात्री उशिरा तिचा श्वास सुरळीत झाला. आठ दिवसांनी ती वर्गात परतली.

औषध का बंद केले, असे विचारल्यावर तिने दिलेले उत्तर आमच्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "सर, बंद नव्हतं केलं. बदललं होतं." आत्याने दसऱ्याला एक बाटली आणून दिली होती. गुळवेल, हळद, तुळस, ज्येष्ठमध, अडुळसा अशा अकरा वनस्पतींच्या कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ दोन. पहिल्या तीन आठवड्यांत शिंका कमी झाल्यासारख्या वाटल्या, म्हणून तिने फवारा थांबवला. घरात कोणी तसे करायला सांगितले नव्हते. पण करू नकोस असेही कोणी म्हटले नाही. बाटलीनेही म्हटले नव्हते.

ती बाटली आम्ही मागून घेतली आणि शिक्षककक्षात टेबलावर ठेवली. आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. वैद्यकातले आम्हाला काही कळत नाही, हे आधीच कबूल करतो. पण संहिता वाचणे हा आमचा धंदा आहे, आणि बाटलीवरचे लेबल ही एक संहिताच असते. ती वाचून आम्ही जे बोललो त्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हसत शेरा मारला : "तुम्हा लोकांना आपल्या परंपरेचंच वावडं!" हा लेख त्या शेऱ्याला उत्तर म्हणून लिहीत आहोत. वावडे नेमके कोणाला आणि कशाचे, याचा एकदा निवाडा व्हायला हवा.

'वावडे' या शब्दापासून

'वावडे' हा आपला जुना, घरगुती शब्द. एखाद्याला वांग्याचे वावडे असते, एखाद्याला शेंगदाण्याचे. दहाजण जे मुकाट खातात तेच अकराव्याला सोसत नाही, ही गोष्ट मराठी स्वयंपाकघराला कोणत्याही प्रयोगशाळेआधी माहीत होती. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली दोन ग्रीक शब्द जोडून 'अ‍ॅलर्जी' ही संज्ञा बनवली, तेव्हा त्यांना सांगायचे होते ते हेच : शरीराची प्रतिक्रिया बदललेली आहे; वस्तू तीच, प्रतिसाद निराळा. परिभाषाकोशांनी या संज्ञेसाठी घडवलेले भारदस्त संस्कृत शब्द कोशातच राहिले. लोकांनी 'अ‍ॅलर्जी' घेतला आणि 'वावडे'ही ठेवला.

शब्दाचा अर्थ नीट धरला की बाटलीवरची पहिली विसंगती दिसते. लेबलाच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत दोन वाक्ये आहेत. 'रोगप्रतिकारशक्ती वाढवते', आणि त्याखाली 'अ‍ॅलर्जीपासून संरक्षण'. अ‍ॅलर्जी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडणे नव्हे. दारावरचा राखणदार परागकणाला, धुळीला, मांजराच्या केसाला दरोडेखोर समजतो आणि घरातलीच भांडीकुंडी फोडत सुटतो, असा तो प्रकार आहे. अशा राखणदाराच्या हाती आणखी एक काठी देऊ, असे पहिले वाक्य म्हणते. आणि त्यामुळे घर शांत होईल, असे दुसरे. दोन्ही एकाच वेळी खरी कशी असतील, हा प्रश्न विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही. बारावीच्या मुलाला निबंधात अशी दोन वाक्ये शेजारी लिहिली तर आपण लाल शाईने खूण करतो.

यावर तयार उत्तर असते : 'वाढवते' म्हणजे 'संतुलित करते'. मग तसे लिहा! परंतु 'संतुलन' हाही शब्द मोठा सोयीचा आहे. कमी असेल तर वाढवेन, जास्त असेल तर घटवेन, आणि काहीच झाले नाही तर संतुलन आधीच होते असे म्हणेन. ज्या विधानाला खोटे ठरण्याची कोणतीही वाट उरलेली नाही, त्या विधानाला आपण दाव्याचा दर्जा का द्यावा?

लेबलाचे व्याकरण

उरलेले लेबल आम्ही व्याकरणाच्या अंगाने वाचले. 'शतकानुशतके सिद्ध झालेले'. कर्मणी प्रयोग, कर्ता गायब. कोणी सिद्ध केले, कोणावर, किती जणांवर, कशाच्या तुलनेत? 'शंभर टक्के नैसर्गिक'. येथे टक्केवारी आहे, पण ती कशाची हे नाही. 'दुष्परिणामरहित'. हा सगळ्यांत धाडसी शब्द, कारण त्यात भूत, वर्तमान, भविष्य आणि सगळी माणसे यांच्याविषयी एकाच समासात हमी दिलेली आहे. आणि 'श्वसनसंस्थेस मदत करते'. हे 'मदत करते' क्रियापद मराठीत अलीकडे फार बोकाळले आहे. ते इंग्रजी लेबलांवरून आलेले दिसते. अमेरिकेने १९९४ साली आहारपूरकांसाठी कायदा केला. रोग 'बरा करतो' असा दावा या उत्पादनांना त्यात मना आहे. शरीराच्या रचनेला किंवा कार्याला 'आधार देतो' असे म्हणण्यास मात्र मुभा आहे. कायद्याच्या फटीतून सटकण्यासाठी घडवलेले क्रियापद आपण भाषांतर करून आयुर्वेदाच्या तोंडी घातले. देशी म्हणून जे मिरवले जाते त्याची वाक्यरचना अशी परदेशातल्या वकिलांनी ठरवलेली आहे.

बाटली फिरवली की मागच्या बाजूला, भिंगाने वाचावे अशा अक्षरांत, इंग्रजीत एक ओळ आहे : औषधी वापरासाठी नाही. ही ओळ लेबलावर उगाच आलेली नाही. भारतात आहारपूरके अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात, आणि २०१६ च्या नियमांनुसार त्यांवर ही सूचना छापावी लागते. म्हणजे हे उत्पादन कायद्याच्या दृष्टीने अन्न आहे. तेच तुळस-गुळवेल औषध म्हणून विकायचे तर परवाना वेगळा, नियम वेगळे. पुढच्या बाजूला मराठीत औषध आणि मागच्या बाजूला इंग्रजीत अन्न, अशी ही दुभाषी चलाखी आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या आत्याला मराठी वाचता येते, इंग्रजी येत नाही. कोणती ओळ कोणत्या भाषेत छापायची हे ठरवणाऱ्याला तिची भाषा पक्की ठाऊक होती.

बिब्बा आणि गाजरगवत

'वनस्पती आहे, काय अपाय करणार?' हा युक्तिवाद मराठी माणसाने करावा याचे आम्हाला विशेष आश्चर्य वाटते. चांगल्या चाललेल्या कामाचा विचका करणे याला आपण 'बिब्बा घालणे' म्हणतो. ज्याने बिब्बा उतलेला पाहिला आहे, त्वचेवर आलेले फोड आणि सुजलेला चेहरा पाहिला आहे, त्याला हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर चट्टे उठू लागले. धोबी कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरत, आणि जिथे खूण तिथे चट्टा. १९४३ साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. शंभर टक्के नैसर्गिक शाई!

आयुर्वेदही बिब्बा वापरतो. भल्लातक या नावाने. पण कसा? शोधन केल्याशिवाय नाही, प्रकृती पाहिल्याशिवाय नाही, पथ्याशिवाय नाही. हे सगळे सावधपण ज्या शास्त्रात आहे, त्या शास्त्राच्या नावाने 'दुष्परिणामरहित' हा शब्द छापला जातो.

दुसरे उदाहरण आपल्या अंगणातले. गाजरगवत. मूळचे अमेरिका खंडातले हे तण १९५६ साली पुण्याहून नोंदले गेले आणि पुढच्या काही दशकांत देशभर पसरले. काँग्रेस गवत, पांढरफुली, नावे अनेक. शेतात काम करणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या आतल्या बाजूला जाड, खाजरे, काळवंडलेले चट्टे येऊ लागले. लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी या त्वचारोगावर १९७४ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. पार्थेनिन नावाचे द्रव्य त्याच्या मुळाशी असल्याचे दिसून आले. या गवताला कोणी कारखान्यात बनवलेले नाही. ते पावसावर वाढते आणि निसर्गाइतकेच नैसर्गिक आहे. नाशिकमधल्या ज्या माणसाला त्याच्यामुळे शिंका येतात, तो एका वनस्पतीपासून त्रस्त होऊन दुसऱ्या वनस्पतीकडे जातो, आणि दुसरी केवळ वनस्पती आहे म्हणून तिच्यावर विश्वास टाकतो. या विचारातली गंमत त्याला कोणी दाखवून देत नाही.

यात आणखी एक धोका आहे. पाश्चात्त्य बाजारात खपणारी एकिनेशिया आणि कॅमोमाइल ही दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, म्हणजे गाजरगवताच्याच कुळातली. या कुळातल्या परागकणांचे ज्याला वावडे आहे त्याला या 'सौम्य' वनस्पतींचेही वावडे निघू शकते. बाटलीत अकरा वनस्पती असतील तर वावड्याच्या अकरा शक्यता आहेत. वावड्यावरचे औषध विकणाऱ्याने निदान एवढे तरी सांगायला हवे की नको?

गुळवेलीची बाजू, आणि दुसरी बाजू

आता आमच्या सहकाऱ्यांना वाटते तसे आम्ही वनस्पतींचे वैरी नाही हे सांगायला हवे. गुळवेलीची बाजू घेण्यासारखी एक चाचणी आहे, आणि ती महाराष्ट्रातच झाली आहे. नागपूरच्या डॉ. बदर आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅलर्जीच्या सर्दीचे ७५ रुग्ण घेतले. त्यांना आठ आठवडे गुळवेलीचा अर्क किंवा दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी दिली; कोणाला काय मिळते आहे हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. २००५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुळवेल घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांच्या शिंका पूर्ण थांबल्या, असे त्यात नोंदलेले आहे. आकडा लक्षणीय आहे आणि ही पद्धत योग्य आहे. लेबलवाल्यांनी खरे तर याच निबंधाचा आधार द्यायला हवा होता. त्यांनी दिला नाही. 'शतकानुशतके' म्हटले की ७५ जणांचा हिशेब द्यावा लागत नाही, हे कारण असावे.

पण हा निबंध काय म्हणत नाही, तेही वाचले पाहिजे. चाचणी अ‍ॅलर्जीच्या सर्दीवर होती, दम्यावर नव्हे. ती एका वनस्पतीच्या अर्कावर होती, अकरा वनस्पतींच्या मिश्रणावर नव्हे. ती आठ आठवड्यांची होती, वर्षभराची नव्हे. आणि ७५ माणसे हा आरंभ असतो, शेवट नसतो. अशी चाचणी मोठ्या संख्येवर, वेगवेगळ्या हातांनी पुन्हा करावी लागते. गुळवेलीचा मान राखायचा असेल तर तो असा राखावा लागेल.

दुसरी बाजू कोविडच्या काळात पुढे आली. घरोघर गुळवेलीचे काढे उकळू लागले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांच्या इतिहासात गुळवेल होती. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली. काहींच्या बाबतीत ही इजा शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेने स्वतःच्याच यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखी दिसत होती. राखणदाराच्या हातातल्या काठीची उपमा आम्ही वर दिली ती उगाच नव्हे.

या निष्कर्षांना आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती कशावरून? तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, टिनोस्पोरा क्रिस्पा, असू शकेल. तिने यकृताला अपाय होतो. आक्षेप वाजवी आहे, आणि शास्त्रात असे आक्षेप घेतलेच पाहिजेत. पण तो मान्य केला तर पुढे काय येते? वेल ओळखण्यात चूक होऊ शकते आणि ती चूक यकृतावर बेतू शकते, असे मंत्रालयच सांगत आहे. मग कुंपणावरची वेल तोडून काढा करणाऱ्याने काय करावे? बाटलीतल्या करड्या भुकटीत कोणती जात दळली आहे हे आत्याने कसे ओळखावे? मंत्रालयाच्या बचावातच ग्राहकाला सावध करण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. लेबलावर त्याचा मागमूस नाही.

संशय घेणारा मुलगा

इंग्रजी विभागातल्या मित्रांना आर्थर रॅन्सम यांची 'स्वॅलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' (१९३०) ही बालकादंबरी माहीत असेल. तिच्यातल्या रॉजर या धाकट्या मुलाचे नाव ज्या खऱ्या मुलावरून आले, तो रॉजर अल्टूनियन पुढे डॉक्टर झाला. त्याला स्वतःला दमा होता. भूमध्य सागराच्या पूर्व किनाऱ्यावर लोकवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या अम्मी विस्नागा या वनस्पतीत खेलिन नावाचे द्रव्य असते. त्यावरून बनवलेली शेकडो संयुगे अल्टूनियनने वर्षानुवर्षे स्वतःवर तपासली. आधी स्वतःला वावड्याची वस्तू हुंगवून झटका आणायचा आणि मग संयुग किती रोखते ते मोजायचे, असा हा उद्योग. १९६५ साली त्यातून क्रोमोग्लायकेट हाती आले. दमा आणि अ‍ॅलर्जीवर ते जगभर वापरले गेले.

आपल्याकडचा अडुळसा घ्या. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध घडले. खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांवर आजही ते नाव दिसते. आजीचा अडुळशाचा काढा अगदीच खुळचट नव्हता, हे यातून ठरते. पण ठरले कसे? काढ्यावर कोणीतरी संशय घेतला म्हणून. वनस्पतींनी वैद्यकाला जे दिले ते श्रद्धेच्या वाटेने आलेले नाही. 'हे खरेच काम करते का, किती करते, कोणाला अपाय करते', हे प्रश्न विचारत कोणीतरी वर्षे घालवली, तेव्हा ते मिळाले. संशय हा परंपरेचा शत्रू नसून तिच्यातले सोने वेगळे काढणारी मूस आहे.

देशीवाद बाटलीवर चिकटवता येत नाही

आमच्या सहकाऱ्यांचा मुख्य आक्षेप साहित्यिक होता, आणि म्हणूनच तो आम्हाला अधिक लागला. ते म्हणाले, पुरावा मागणे हीच वसाहतवादी सवय आहे. आपण वर्गात देशीवाद शिकवतो आणि शिक्षककक्षात पाश्चात्त्य चाचण्यांचे दाखले देतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीशी ज्याचा परिचय आहे तो देशीवादाला असे स्वस्त करणार नाही. साहित्य आपल्या भूमीत, भाषेत, समाजात रुजलेले असावे, बाहेरची मापे आंधळेपणाने लावू नयेत, ही ती भूमिका आहे. आपल्या मातीत जे उगवते ते तपासूच नये, असा तिचा अर्थ कोणी लावला तर गाजरगवतही सत्तर वर्षांच्या वास्तव्याने देशी ठरेल! शिवाय 'पुरावा मागणे परके' हे विधानच आपल्या परंपरेची बदनामी करणारे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, न जाणलेल्या औषधाची तुलना विषाशी, शस्त्राशी, अग्नीशी आणि विजेशी केलेली आहे. नीट जाणलेले तेच अमृतासमान. तिथेच असेही सांगितले आहे, की गुराखी, मेंढपाळ आणि रानात वावरणारे लोक वनस्पतींना नावारूपाने ओळखतात, पण केवळ नावारूपाच्या ओळखीने औषधाचे मर्म हाती येत नाही. कोणाला, कधी, किती, कशाबरोबर, हे जाणणारा तो वैद्य. लेबलावर वनस्पतींची अकरा नावे आहेत. नावारूपापलीकडे तिथे काही नाही. चरकाच्या कसोटीवर ही बाटली पहिल्याच अध्यायात नापास होते.

कायद्याने मात्र ग्रंथांना भलत्याच कामाला लावले आहे. १९४० च्या औषध कायद्यात १९६४ साली दुरुस्ती होऊन आयुर्वेदिक औषधे त्यात आली. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ग्रंथांची यादी आहे : चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय, भावप्रकाश, शार्ङ्गधर, योगरत्नाकर, भैषज्यरत्नावली आणि इतर. एखाद्या देशाच्या कायद्याला ग्रंथसूची जोडलेली असावी, याचा मराठीच्या अध्यापकांना खरे तर आनंदच व्हायला हवा. पण 'प्रोप्रायटरी' आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत अट एवढीच, की त्यातले घटक या ग्रंथांतील योगांत उल्लेखिलेले असावेत. शब्द ग्रंथातले, वाक्य कंपनीचे. ज्ञानेश्वरीतले शब्द जुळवून कोणी जाहिरात लिहिली तर तिला आपण ओवी म्हणणार आहोत का?

जाहिरातींवर अंकुश म्हणून २०१८ साली औषध नियमांत १७० वा नियम आला : आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी औषधांची जाहिरात करण्याआधी राज्याच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी. जुलै २०२४ मध्ये आयुष मंत्रालयाने अधिसूचना काढून तो वगळला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि वर्षभराने, ऑगस्ट २०२५ मध्ये, प्रकरण निकाली काढताना स्थगितीही उठली. नियम आला, गेला, थोपवला आणि अखेर गेलाच. या सगळ्या काळात आत्या दसऱ्याच्या बाजारात बाटली हातात घेऊन लेबल वाचत होती.

आणि देशी ज्ञानाचा आदरच करायचा तर तो कोणाचा? आमच्या पेठ-सुरगाण्याच्या, हरसूल-त्र्यंबकच्या डोंगरांत वनस्पती ओळखणारी माणसे आहेत. कसारा घाट उतरला की शहापूर. तिथल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून विकण्याचा उद्योग उभा केला आणि २०२१ साली मोठ्या कंपन्यांकडून त्यांना सुमारे दीड कोटी रुपयांची मागणी आल्याची वार्ता सरकारनेच दिली. आम्हाला तिचा मनापासून आनंद झाला. खरी गुळवेल कोणती, हे मुंबईतल्या भांडणाचे उत्तर ज्यांच्या बोटांत आहे ती ही माणसे. पण बाटलीवर त्यांचे नाव नसते, तिथे कोण्या दाढीवाल्या ऋषीचे चित्र असते. देशीवाद्यांनी या चित्रावर एखादा लेख लिहावा, आम्ही आनंदाने वाचू.

आमच्या बाजूचे दोष

विरोधी पक्षाचे एक म्हणणे आम्हाला पूर्णपणे मान्य आहे. लोक बाटलीकडे वळतात ते मूर्ख असतात म्हणून नव्हे. दवाखान्यात दोन तास बसल्यावर दोन मिनिटे मिळतात. फवारा का घ्यायचा, बरे वाटले तरी का थांबवायचा नाही, हे कोणी मराठीत समजावून सांगत नाही. जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी दिवसभर झापड येते. 'स्टिरॉइड' या शब्दाची भीती घालणारे शेजारी पुष्कळ आहेत, ती भीती दूर करणारा डॉक्टर विरळा. आत्या तरी भाचीशी पाच मिनिटे बोलली. बाटली विकणाऱ्याने तर अर्धा तास घालवला असेल. आपुलकीची ही पोकळी आधुनिक वैद्यकाने निर्माण केली आणि व्यापाऱ्याने ती भरली, हे खरेच आहे.

पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? डॉक्टरने अधिक बोलावे, असा निघतो. बाटलीवर खोटे छापावे, असा निघत नाही. आणि स्टिरॉइडच्या भीतीने चूर्णाकडे वळणाऱ्यांसाठी एक कडू गोष्ट : दम्यावरच्या 'जडीबुटी'च्या पुड्यांत चोरून स्टिरॉइडच मिसळल्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीस आलेले आहेत. फवाऱ्यातून मायक्रोग्रॅममध्ये, थेट फुप्फुसात जाणाऱ्या औषधाला घाबरायचे आणि पुडीतून बेहिशेबी गिळायचे, ही त्या भीतीची फलश्रुती आहे.

नाशिक हे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे गाव. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या छत्राखाली अ‍ॅलोपॅथी आणि आयुर्वेद दोन्हींची महाविद्यालये आहेत. गुळवेलीच्या त्या चाचणीचा पुढचा, मोठा अध्याय लिहायचा तर याहून योग्य गाव कोणते? आमच्या भोवती गाजरगवत आहे, द्राक्षबागांतली फवारणी आहे, रस्त्यांच्या कामांची धूळ आहे, शिंकणारी माणसे आहेत, दोन्ही शास्त्रांचे अध्यापक आहेत. आयुर्वेदाचे खरे अभिमानी असतील त्यांनी ही मागणी आमच्या आधी करायला हवी होती.

आम्हाला स्वतःला करता येईल ते आम्ही सुरू केले आहे. 'भाषेचे उपयोजन' शिकवताना वृत्तपत्रीय अग्रलेखाबरोबर औषधाचे लेबलही वर्गात वाचतो. कर्ता शोधा. 'मदत करते' म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा. पुढची बाजू आणि मागची बाजू यांतील विसंगती सांगा. कोणत्या भाषेत काय छापले आहे आणि का, ते नोंदवा. पहिल्या तासाला ती विद्यार्थिनी तिसऱ्या बाकावर बसली होती, पिशवीत फवारा होता. गुळवेलीवर तिचा राग नाही. डॉक्टरांना विचारून, फवारा चालू ठेवून, ती पुन्हा घ्यायला तिची हरकत नाही. लेबलावरच्या सगळ्या शब्दांत तुला सर्वांत खोटा कोणता वाटला, असे आम्ही तिला विचारले. 'दुष्परिणामरहित', असे उत्तर आम्हाला अपेक्षित होते.

ती म्हणाली, "सर, खोटा शब्द कुठलाच सापडत नाही. एक वाक्य मात्र छापायचं राहिलंय. 'तुमचं चालू औषध बंद करू नका.' तेवढं असतं तर पुरलं असतं."

परंपरेच्या अभिमान्यांना आमची विनंती एवढीच आहे. हे एक वाक्य, मराठीत, पुढच्या बाजूला, ठळक अक्षरांत छापायला लावा. मग वावडे कोणाला, यावर आपण सावकाश भांडू.